डावीकडचे फुगे

दिनू गेल्याचा फोन आला तेव्हा मी नुकता सकाळचा चहा घेऊन बसलो होतो. "भाऊजी, हे गेले," वहिनी म्हणाल्या, आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न काय निघावा, तर "घरात की बाहेर?" माणूस गेल्यावर हे काय विचारणं झालं! पण वहिनींना त्यात काही वावगं वाटलं नाही. "घरातच. झोपेत," त्या म्हणाल्या. दिनकर, आमचा दिनू, माझा उभ्या जन्माचा मित्र आणि कॅरममधला जोडीदार. पण त्याच्या शेवटच्या वर्षांत आमच्यात आणि त्याच्यात एकच भांडण चालू होतं. फाटकाबाहेर त्याला एकट्याला सोडायचं की नाही, हे ते भांडण. आता दीडेक महिना झालाय. वादाला माणूसच उरला नाही, तेव्हा लिहायला हरकत नाही.

मी शाळामास्तर, तो जिल्हा परिषदेत बांधकाम खात्यात. रत्नागिरीत आमच्या आळीच्या टोकाला एका दुकानाच्या माडीवर कॅरम क्लब आहे, तिथे आमची ओळख झाली आणि तिथेच वाढली. दिनूचं डोकं म्हणजे काय सांगू! कुठल्या साली कुठल्या मॅचमध्ये राणी कुठे अडकली होती आणि तिच्या मागे कुठल्या रंगाच्या सोंगट्या होत्या, हे तो आमटीभात खाता खाता सांगायचा. मी कच्चा. माझा नेम चुकला की म्हणायचा, "मास्तर, तू पोरांना भूगोल शिकवतोस ना? मग ते भोक कुठल्या दिशेला आहे ते बघ की एकदा." खवचट होता मेला. हरला तरी मात्र कधी पावडरीला नाही की बोर्डाला नाही, कशालाच नावं ठेवायचा नाही. मला तो फार आवडायचा, हे त्याला मी कधी सांगितलं नाही. आमच्यात तशी पद्धत नाही.

दोन हजार चार साली, गणपती नुकते पोचवून झाले होते, तेव्हा त्याला अर्धांगवायूचा झटका आला. डावा हात, डावा पाय गेला. पाय लवकर सुधारला, हातही थोडा हलायला लागला. तो आमच्यासोबत चालत क्लबात आला तेव्हा आम्ही पेढे वाटले. बोर्ड मांडला. उजवीकडच्या सोंगट्या त्याने पूर्वीसारख्याच सफाईने घेतल्या, स्ट्रायकर खाली ठेवला आणि म्हणाला, "बोर्ड संपला." बोर्डाच्या डाव्या अंगाला त्याच्याच तीन-चार सोंगट्या तशाच पडलेल्या. आम्ही हसलो, वाटलं गंमत करतोय. गंमत नव्हती. डॉक्टरांनी नंतर समजावलं की डोळे शाबूत आहेत, पण मेंदूच्या लेखी डावी बाजूच उरलेली नाही. दाढी करायचा ती उजव्या गालाची. ताटातली भाजी-आमटी संपवायचा आणि ओरडायचा, "आज चटणी नाही? लिंबू नाही? मीठसुद्धा वाढायचं विसरलीस?" सगळं डाव्या बाजूला वाढलेलं असायचं, जिथे ते वाढतात तिथे. वहिनी ताट नुसतं फिरवून द्यायच्या.

एवढं होऊनही त्याची एक ठाम समजूत होती की आपल्याला काही झालेलंच नाही. खरं दुखणं हेच. ज्याला आपण आजारी आहोत हे पटलंय त्याला घरात बसवता येतं. दिनू कपडे करायचा आणि निघायचा. क्लबाला जायला फाटकातून डावीकडे वळावं लागतं. त्याला डावी बाजूच नाही, म्हणून तो उजवीकडे वळायचा आणि मग पुढे उजवीकडेच वळत राहायचा. एकदा असाच एस.टी. स्टँडवर पोचून पालीच्या गाडीत जाऊन बसला. कंडक्टर ओळखीचा निघाला म्हणून बरं, नाहीतर पालीच्या बाजारात क्लब शोधत फिरला असता. आम्ही हसून घेतलं. पुढच्या खेपेला मात्र रस्त्याच्या कडेच्या गटारात डाव्या अंगावर पडला, कपाळ फुटलं, आणि मागून येणारा टेम्पो जेमतेम थांबला. त्या दिवशी वहिनींनी फाटकाला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला लावली.

त्यानंतरचे महिने आठवले तरी अंगावर येतात. मी संध्याकाळी गेलो की दिनू फाटकाचे गज धरून उभा. "मास्तर, तूच सांग तिला. मी चोरी केली? कुणाला मारलं? चांगल्या धडधाकट माणसाला कोंडून ठेवलंन!" कपाळावर टाक्यांची खूण, अर्ध्या गालावर दाढीचे खुंट, आणि विचारतोय, मला काय झालंय. सांगितलं की म्हणायचा, तूही तिला सामील. तसा होतोच. मग मी जाणं टाळायला लागलो, आज काय पेपर तपासायचेत, उद्या काय पाहुणे आलेत. आणि वहिनी तरी कुठे मोकळ्या होत्या? केळशी त्यांचं माहेर. भाचीचं लग्न झालं तिथे, त्या गेल्या नाहीत. "मी जात्ये आणि ह्यांना कुणाच्या गळ्यात घालू?" म्हणाल्या. कुलपाच्या आत दोघं होती. किल्ली एकीच्या कमरेला होती एवढाच काय तो फरक.

त्यांची लेक केतकी पुण्याला फिजिओथेरपिस्ट आहे. पुढच्या वर्षी दिवाळीला आली ती एक खेळ घेऊन. टीव्हीवर एक बारकासा कॅमेरा बसवायचा, समोर उभं राहायचं, की आपणच टीव्हीत दिसतो. दोन्ही बाजूंनी रंगीत फुगे येतात, ते हाताने फोडायचे. परदेशात अशा पेशंटना हे देतात म्हणे. डावीकडचा फुगा फोडायला मुद्दाम डावीकडे बघावं लागतं, आणि बघता बघता सवय लागते.

"बाबा, ह्याला व्हर्च्युअल रिअॅलिटी म्हणतात."

"म्हणजे खोटं खोटं," दिनू म्हणाला. टीव्हीत स्वतःला बघून मान हलवली. "बरा दिसतोय की मी." पण पोरखेळ म्हणून हात लावीना. तेव्हा वहिनी पुढे आल्या आणि सरळ म्हणाल्या, "डावीकडचे फुगे फुटले की कुलूप काढीन. माझा शब्द."

झालं! दिनूला मॅच मिळाली. सकाळ-संध्याकाळ तो टीव्हीपुढे उभा. पहिल्यांदा उजवे फुगे पटापट फुटायचे आणि डावे तसेच तरंगत वर निघून जायचे. "डावीकडे, बाबा, डावीकडे," केतकी घसा बसेस्तोवर ओरडायची. ती पुण्याला परतली आणि ते ओरडणं वहिनींकडे आलं. हळूहळू डावे फुगे फुटायला लागले. एक, मग दुसरा, आणि माघाच्या सुमाराला दिनूने मला मुद्दाम बोलावून सगळेच्या सगळे फोडून दाखवले. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू. वहिनींनी कमरेची किल्ली काढली आणि कुलूप उघडलं. दिनूने त्या उघड्या फाटकाला हातसुद्धा लावला नाही, नुसता बघत बसला.

तेवढ्यात मी घरातलाच बोर्ड मांडला. म्हटलं आनंदात एक डाव होऊन जाऊ दे. दिनूने उजवीकडच्या सोंगट्या घेतल्या आणि म्हणाला, "संपला." डावीकडच्या होत्या तिथेच होत्या. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. खेळात फुगे दर वेळी त्याच क्रमाने येत होते, आणि ह्या पठ्ठ्याने तो क्रम पाठ केला होता. कधी हात डावीकडे टाकायचा ते त्याला ठाऊक होतं. तिथे काही दिसायची गरजच नव्हती.

मी स्वयंपाकघरात जाऊन वहिनींना हळूच सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ठाऊक आहे मला. फुगा यायच्या आधीच हात जातो त्यांचा."

"मग कुलूप का काढलंत?"

"शब्द दिला होता. आणि भाऊजी, त्या फाटकाशी उभे राह्यलेले मला आता बघवत नाहीत. पडले तर पडले, म्हणूनही बघितलं मनाशी. तेही जमेना." थोडा वेळ तांदळात बोटं फिरवत राहिल्या. "बघू. काहीतरी करत्ये मी."

दुसऱ्या दिवशी मी काळजीने आळीच्या तोंडाशी जाऊन थांबलो. दिनू येताना दिसला. ताठ मानेने, समोर बघत, एकटा निघालेल्या माणसाच्या ऐटीत. आणि त्याच्या डाव्या अंगाला, गटाराच्या बाजूने, वहिनी. त्यांनी त्याचा डावा हात धरला होता. डाव्या बाजूचं दिसत नव्हतं तसा त्या बाजूचा स्पर्शही त्याच्यापर्यंत धड पोचत नव्हता. वळण आलं की त्या हात अलगद ओढायच्या आणि दिनू डावीकडे वळायचा, स्वतःच वळल्यासारखा. क्लबाच्या जिन्याशी त्यांनी हात सोडला आणि त्या खालच्या दुकानात बाकावर बसल्या. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती. देवळात जातानाही ही बाई नवऱ्याच्या चार पावलं मागून चालायची. आता भर संध्याकाळी, रिक्षावाल्यांच्या आणि मासळीवाल्यांच्या देखत, नवऱ्याचा हात हातात घेऊन चालली होती, आणि नवऱ्याला पत्ता नव्हता.

दिनू माडीवर आला, बसला आणि म्हणाला, "मास्तर, एकटाच आलो हो."

"शाबास," मी म्हणालो.

हे त्याच्या शेवटापर्यंत चाललं. पाऊस असो, ताप असो, वहिनींना सुट्टी नाही. सगळ्या आळीला ठाऊक होतं आणि कुणी एक शब्द काढला नाही. कुचाळक्यांत आमची आळी कुणाला हार जायची नाही, तरीही. मला मात्र दरवेळी त्या बाकावरच्या वहिनींना बघून कसंसंच व्हायचं. त्याला मोकळं करायला त्यांनी स्वतःला त्याच्या हाताशी बांधून घेतलं होतं. एकदा म्हटलं, एखादा माणूस ठेवू या, तुम्ही चार दिवस केळशीला जाऊन या. "आणि त्यांना कळलं म्हणजे? परका हात कळतो," एवढंच म्हणाल्या.

गेल्या आठवड्यात त्यांच्याकडे गेलो होतो. संध्याकाळची तीच वेळ. "जरा पाय मोकळे करू या," म्हणाल्या, म्हणून निघालो. त्या गटाराच्या कडेकडेने चालत होत्या. "वहिनी, आत या, पडाल," मी म्हणालो. हो म्हणाल्या, पण आत आल्या नाहीत. उजवीकडे एका माणसाची जागा सुटलेली होती. मला त्या जागेत जाववेना, मी मागूनच चालत राहिलो. उजव्या हाताचं काय करावं हे त्यांना सुचत नसावं. पदराचं टोक मुठीत धरत होत्या, सोडत होत्या.

वळणापाशी थांबल्या. मी विचारलं, "त्याला कधी कळलंच नाही का हो?"

"मागच्या उन्हाळ्यात एकदा घरी आल्यावर म्हणाले, आज हा हात फार घामेजलाय बघ. डावा. दुखण्यानंतर त्या हाताचं नाव त्यांनी पहिल्यांदा काढलंनी. मी घाईघाईने म्हटलं, उकडतंय किती! दुसऱ्या दिवशी मला हात धरवेना. मी मागे मागेच राह्यले. फाटक उघडून हे बाहेर गेले आणि रस्त्यावर उभेच राह्यले. हलेनात. मागे वळून बघितलं नाही, हाक मारली नाही, नुसते उभे… शेवटी मी जाऊन हात धरला. मग निघाले."

"बोलला काही?"

"काही नाही."

त्या उन्हाळ्यात तो एकदाच उशिरा आला होता, म्हणून त्या दिवशी क्लबात काय झालं, ते मला आठवतं. त्याने स्ट्रायकर पावडरीवर घासला, नेहमीसारखा माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "मास्तर, आजपण एकटाच आलो हो."