नऊ लिहिलेलं कार्ड

मला सगळं ठाऊक असतं, अशी वैशाली नगरात माझी ख्याती होती, आणि ती पसरवण्यात सगळ्यात मोठा हात माझाच होता. सकाळी फिरायला निघालो की कोणी ना कोणी हटकायचंच. रेपो दर वाढला, आता घराच्या हप्त्याचं काय होईल? राज्यपाल एखादं विधेयक किती दिवस अडवून ठेवू शकतो? तिकडे दोन देश भांडताहेत, त्यानं इकडे पेट्रोल महागेल का? मी रस्त्याच्या कडेला उभा राहून तिथल्या तिथे उत्तर द्यायचो. ‘बघून सांगतो’ हे शब्द माझ्या तोंडून कधी कोणी ऐकले नाहीत. इथल्या पोलाद प्लांटच्या टाइम ऑफिसात मी जन्मभर लोकांच्या हजेऱ्या मांडल्या. तिथे माझं मत कोणी विचारलं नाही. निवृत्त झालो आणि देशाचा कायदा, अर्थकारण, जगाचं राजकारण सगळं एकदम माझ्या अखत्यारीत आलं.

परप्रांतातल्या आमच्या मराठी मंडळात दर सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की सामान्य ज्ञानाची स्पर्धा असायची. प्रश्न मी काढायचो, मीच विचारायचो आणि बरोबर की चूक तेही मीच ठरवायचो. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर, अशी कार्डं टाइप करून हुडको कॉलनीतल्या एका दुकानातून लॅमिनेट करून आणायचो. चहा सांडला तरी यांना काही होत नाही, असं मी भेटेल त्याला कौतुकानं सांगायचो.

त्या वर्षी बक्षीस मोठं होतं. पहिल्या येणाऱ्याला राज्याच्या भरती परीक्षेचं कोचिंग वर्षभर फुकट, फी मंडळाकडून. त्यामुळे एरवी न येणारी माणसंही आली होती. पोह्यांच्या रांगेत एक ओळखीचा चेहरा दिसला. आमच्याच प्लांटमध्ये खलाशी होता तो, जड सामान हलवणाऱ्या टोळीतला. निवृत्त होऊन कॅम्प-१ या कामगार वस्तीतच राहत होता. मला पाहून त्यानं हातातली प्लेट खाली ठेवली आणि दोन्ही हात जोडले.

“साहेब, हे माही सून. आज स्पर्धेत बसून राहिली. शिलाई करते, पन अभ्यास बी लय करते. म्या तिले एक साल देल्लं हाये. नोकरी लागली त लागली, नाई त मंग हायेच मशीन.”

सून तिशीच्या आतबाहेरची होती. बारीक अंगाची, हातात वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली जाडजूड वही. “नमस्ते, काकाजी,” एवढंच म्हणाली. एका बाईचं पुढचं सगळं आयुष्य त्या एका सालावर येऊन ठेपलंय, हे मला ऐकू आलं होतं. मी मान हलवली आणि पोह्यांवर लिंबू पिळलं.

दहा-बारा जण स्पर्धेला बसले, आणि तासाभरात दोघंच उरले. एक ही सून, दुसरा आमच्या अध्यक्षांचा नातू. पोरगा हुशार होता, इंजिनिअर झालेला, आणि ज्या कोचिंगची फी बक्षीस म्हणून ठेवली होती तिथे आधीपासूनच जात होता. पण सून त्याला हटत नव्हती. धन विधेयक कुठल्या सभागृहात मांडतात, नकाराधिकार किती देशांना आहे, सगळं तिनं पटापट सांगितलं. चालू खात्यातली तूट म्हणजे काय, असं विचारलं तर म्हणाली, “आपन बाहेरून घेतलं जास्त अन बाहेर इकलं कमी, मंग थे तूट येते.” हॉलमध्ये हशा पिकला. मीही हसलो. उत्तर बरोबरच होतं, हसू आलं ते तिच्या बोलण्याचं. माझी आई जन्मभर ‘मले’ आणि ‘तुले’च म्हणत होती. मी मात्र नोकरीत चिकटल्यावर ते सगळं जिभेवरून घासूनपुसून काढलं होतं.

दोघांचे गुण सारखे झाले. शेवटचं कार्ड मी उचललं. भारतात सध्या केंद्रशासित प्रदेश किती? पाळी आधी तिची होती.

“आठ,” ती म्हणाली.

कार्डावर नऊ होतं.

इथे मला काहीही लपवायचं नाही. मला ठाऊक होतं. दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव हे दोन प्रदेश त्याच दिवसापासून एक होणार होते, म्हणजे नवाचे आठ. सकाळी चहा पिताना मी ते पेपरात वाचलं होतं आणि ते कार्ड काढून ठेवायचं मनात घेतलंही होतं. तेवढ्यात झेंड्याची दोरी सापडत नाही म्हणून फोन आला आणि राहून गेलं. ती ‘आठ’ म्हणाली त्याच क्षणी पेपरातली ती चौकट माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. पेपर माझ्या स्कूटरच्या डिक्कीत होता आणि स्कूटर हॉलच्या दाराशीच उभी होती.

“चूक,” मी म्हणालो.

“काकाजी, कालपर्यंत नऊ होते न. आजपासून आठ झाले. आजच्याच पेपरात आलं हाये.”

पहिल्या रांगेतून अध्यक्ष म्हणाले, “चला, पुढे घ्या, जेवणं खोळंबलीत.” तेवढंच. माझ्यावर कोणी दबाव आणला नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढे कितीदा तरी मी हे पाप मनातल्या मनात अध्यक्षांच्या माथी मारून पाहिलं. ते तिथे टिकत नाही. कॅम्प-१ मधली एक शिलाईवाली भरल्या हॉलमध्ये माझी चूक काढते, हे मला सोसलं नाही. खरं कारण हे आणि एवढंच.

“बेटा, परीक्षकाचा निर्णय अंतिम असतो,” मी म्हणालो, आणि तेही इतक्या मायेनं की मागे बसलेल्या एक-दोन बायकांनी कौतुकानं मान डोलावली. त्या मायेची मला अजून किळस येते.

नातवानं नऊ सांगितलं आणि टाळ्या पडल्या. तिनं वाद घातला नाही. खाली बसली, वही उघडली, काहीतरी खोडलं, काहीतरी लिहिलं. चिडून गिरगटत असेल, असं मला वाटलं.

जेवणाच्या वेळी तिचा सासरा मला शोधत आला. “साहेब, पोरगी तुमाले उलटून बोलली. मनावर घेऊ नका. तिले समजत नाई कोनापुढं काय बोलाव थे.”

“असू दे, असू दे,” मी म्हणालो. म्हणजे वर आणखी मीच त्यांना माफ केलं.

दोन महिन्यांत सगळा देशच बंद झाला आणि त्या कोचिंगला कुलूप लागलं. मला किती हायसं वाटलं ते सांगायलाही लाज वाटते. जग आजारी पडलेलं, आणि मी मनात म्हणत होतो, चला, म्हणजे तिचंही काही गेलं नाही. ते समाधान फार टिकलं नाही. वर्ग मोबाइलवर सुरू झाले, आणि नातू मध्येच पुण्याला नोकरीवर निघून गेला. ती जागा तशीच वाया गेली. एकदा घरात कोणी नसताना ते कार्ड काढून मी फाडायला गेलो. लॅमिनेट केलेलं कार्ड हातानं फाटत नाही. परत कपाटात ठेवून दिलं.

वर्ष सरायला आलं तेव्हा लांबलेल्या परीक्षेची तारीख लागल्याचं पेपरात वाचलं. मी माझ्याकडची गाइडं सुतळीनं बांधली आणि कॅम्प-१ मध्ये पत्ता विचारत गेलो. माफी मागायला गेलो, असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. मी पुस्तकं द्यायला गेलो होतो. पुस्तकं दिली की माफी मागायची गरज उरत नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

सासऱ्यानं गमछ्यानं खुर्ची पुसली. समोरच्याच खोलीत शिलाई मशीन होतं आणि वरच्या खिळ्याला वर्तमानपत्राचे कापलेले कागद टांगलेले होते. बाह्या, गळे, पाठी. ब्लाउजच्या कटिंगचे.

“रद्दीतला पेपर आनतो मी तिच्यासाठी,” सासरा म्हणाला. “आधी पूरा वाचते, मंग कैची लावते.”

सून आतून आली, पुस्तकं पाहून हरखली. पदराला हात पुसून तिनं वही माझ्यापुढे केली. “काकाजी, एक डाव नजर टाकता का? पंधराच दिवस रायले. कुठी चुकलं असन त सांगा.”

वही देखणी होती. एका ओळीत एक माहिती, आणि प्रत्येकीपुढे कंसात ती कुठून मिळाली ते. पेपर. रेडिओ. पुन्हा पेपर. घटनेची कलमं, बँकांचे दर, कुठला करार कोणत्या देशांमध्ये झाला ते सगळं होतं. पानं उलटता उलटता मी त्या ओळीपाशी आलो. केंद्रशासित प्रदेश, पुढे आठ, पुढे कंसात पेपर. आठावर काट मारून नऊ केलेलं होतं. ‘पेपर’वर काट मारून लिहिलं होतं: काकाजी.

त्या दिवशी ती गिरगटत नव्हती. बरोबर असलेलं उत्तर माझ्या शब्दाखातर चूक करून घेत होती. आणि जवळपास वर्षभर, मशीन चालवता चालवता, तिनं तो नऊ पाठ केला होता.

याहून चांगली वेळ मला मिळणार नव्हती. तोंड उघडलं, आणि त्यातून निघालं ते असं: “हे आता बदललं बरं का. आठ कर. नंतर बदललं ते.”

‘नंतर’. त्या एका शब्दाआड मी लपलो.

तिनं लगेच पेन काढला, नऊ खोडून आठ लिहिलं. मग पेन तसाच धरून विचारलं, “तारीख सांगा न, काकाजी. परीक्षेत तारीख बी इचारतात.”

मला ती पाठ होती. मला तर सगळंच पाठ असतं. आणि चुकीची सांगितली असती तर पंधरा दिवसांनी तिचाच गुण गेला असता.

“सव्वीस जानेवारी,” मी म्हणालो.

“कोनत्या सालची?”

“याच.”

तिनं लिहून घेतलं. जानेवारीपाशी तिचा पेन थांबला, मग पुढे गेला. तिनं वर पाहिलं नाही. मी सांगावं याची ती वाट बघत होती की मी सांगणार नाही हे तिला कळलं होतं, ते मला आजही माहीत नाही. मी गाइडांची सुतळी सोडत बसलो.

“पाय न, पोरी,” सासरा खुशीत म्हणाला, “म्या म्हनलं होतं न, साहेबाले सगळं ठाऊक असते.”

“हाव, बाबूजी,” ती म्हणाली.

मग तिनं मशीनवरची पट्टी उचलली, कंसातल्या ‘काकाजी’वर एक सरळ रेघ मारली आणि वर बारीक अक्षरात परत लिहिलं: पेपर.