दारावरचा इंग्रजी शब्द

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सोलापुरात कारकून होतो, तेव्हा पडायला आलेल्या घरांच्या दारांवर डांबरानं शेरा लिहायचं काम माझ्याकडे होतं. गोऱ्या साहेबाला वाचता यावा म्हणून इंग्रजीत. शेरा पडला आणि महिन्यात कुणी हरकत घेतली नाही, तर घर पाडत.

एका म्हातारीच्या दारावर मी 'डिलॅपिडेटेड', म्हणजे मोडकळीला आलेलं, असं लिहिलं. भिंतीतून सुटलेला दगड ती तळव्यानं आत दाबत होती.

"काय लिवलंय, सायेब?"

तिनं नुकतंच मला पाणी दिलं होतं. खरं सांगवेना. "घर पाहिलं, असं लिहिलंय," म्हणालो.

"इंग्रजीत लिवलं म्हंजी पक्कं झालं की," ती म्हणाली.

पुढं रोज येता-जाता ती दिसायची. एकदा तिनं सगळं दार गेरूनं रंगवलं, माझी अक्षरं तेवढी जपून सोडली. हरकत कुणी घेतली नाही. पाडायला माणसं आली, तेव्हा ती त्यांना माझा शब्द दाखवत होती. मी कोपऱ्यावरूनच परत फिरलो.

नंतर कोशात पाहिलं. शब्द लॅटिनमधून आलेला. मुळात अर्थ, दगड विखरून टाकणे.

ती कुठं गेली, ठाऊक नाही. तिला त्या शब्दाचा अर्थ सांगण्याचं देणं मी अजून लागतो.