दोन अर्ज

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत घरोघरी गिझर होतेच, त्यात विजेवरच्या गाड्या आल्या आणि जुना ट्रान्सफॉर्मर पुरेना. मोठा बसवायला वीजवाल्यांनी आमच्या आवारात जागा मागितली. सेक्रेटरी मीच. तीन वेळा खर्डा बदलून मी नकाराचा अर्ज लिहिला. मुलांची सुरक्षितता, ज्येष्ठांची झोप, सगळं शुद्ध मराठीत, मुद्देसूद. सभेत माझं कौतुकही झालं.

ट्रान्सफॉर्मर मग रस्त्यापलीकडे, कोळीवाड्याच्या कडेला बसला. आमची मासेवाली मावशी तिथेच सुकट वाळत घालायची. माझी गाडी आता त्याच विजेवर चार्ज होते.

परवा दारात बोंबील साफ करता करता मावशी म्हणाली, "ताई, तो ट्रान्सफॉर्मर आमच्या दारातून हलवायला एक अर्ज लिहून द्या ना. तुमच्या सोसायटीचं लगेच ऐकलं म्हणे."

नाही म्हणायला तोंड नव्हतं. मी लिहायला बसले. पण तिथून हलवला तर तो येणार कुठे, हे मला पक्कं ठाऊक होतं. चार ओळींत उरकलं, खर्डाबिर्डा काही नाही. मावशीने हात पदराला पुसले, कागदाची नीट घडी घातली आणि त्या दिवशी दोन बोंबील जास्तीचे दिले.