सोळाव्या पानावरची मुलगी

खात्रीबाईंना शंका होती ती एवढीच, की पोहण्याच्या तलावाच्या काठावर जो लांब दांडा ठेवलेला असतो तो नेमका किती फुटांचा. पुस्तक आठ दिवसांनी छपाईला जाणार होतं. बाकी सगळं तपासून झालं होतं, निदान त्यांना तसं वाटत होतं.

खात्रीबाई हे नाव त्यांना टेलिफोन खात्यात पडलं. बावीस वर्षं त्यांनी डिरेक्टरीची मुद्रितं तपासली. एका वर्षी एका डॉक्टरीणबाईंच्या नंबरातले दोन आकडे उलटसुलट पडले आणि वर्षभर त्यांचे रोगी एका शिंप्याला फोन करत राहिले. शिंपी भला माणूस, प्रत्येकाला खरा नंबर सांगायचा. पण त्यात जी दोन-चार मिनिटं जात असतील, ती खात्रीबाईंच्या डोक्यातून कधीच गेली नाहीत. तेव्हापासून समोरच्याने काहीही सांगितलं की त्यांचा एकच प्रश्न: "खात्री करून घेतलीत का?"

नोकरी संपल्यावर त्या मुलांसाठी पुस्तकं लिहायला लागल्या, आणि ही खोड त्यांनी तिथेही नेली. मुंग्यांवरच्या पुस्तकासाठी त्या आठवडाभर अंगणात पालथ्या पडून होत्या. दीपगृहावरच्या पुस्तकासाठी सगळ्या पायऱ्या स्वतः चढून मोजल्या, आणि मग महिनाभर गुडघे शेकत बसल्या. त्यांचे यजमान म्हणायचे, "चंद्रावरची गोष्ट तेवढी लिहायला घेऊ नकोस बाई, मला घरी एकट्याला चहा नीट जमत नाही."

या वेळची गोष्ट दोन बहिणींची होती. धाकटी तळ्यात पडते, हात हलवून "वाचवा, वाचवा" असा टाहो फोडते, आणि दहा वर्षांची मोठी बहीण उडी मारून तिला बाहेर काढते. चित्रं त्यांच्या भाचीने काढली होती. सोळाव्या पानावरचं चित्र तर असं साधलं होतं, की प्रकाशकाने तेच मुखपृष्ठावर घ्यायचं ठरवलं: हिरवं पाणी, वर उंचावलेले दोन इवलेसे हात, आणि ओरडताना उघडलेलं तोंड.

दांड्याची लांबी विचारायला खात्रीबाई सकाळी तलावावर गेल्या. तिथल्या जीवरक्षकाला सगळे वस्ताद म्हणत. साठीला आलेला, गळ्यात शिट्टी, पायात रबरी चपला. पाण्यात वीस-पंचवीस मुलं होती, काठावरच्या बाकांवर त्यांच्या आया बसल्या होत्या. खात्रीबाईंनी नमस्कार केला तरी वस्तादांनी मान वळवली नाही.

"बोला. कान तुमच्याकडे आहेत. डोळ्यांचा मला पगार मिळतो."

दांडा बारा फुटांचा निघाला. खात्रीबाईंनी टिपून घेतलं. तिथून त्या निघाल्या असत्या तर पुढचं काहीच झालं नसतं. पण वस्तादांनी सहज विचारलं, "कशाला हवंय हे?" आणि त्यांनी कौतुकाने गोष्ट सांगितली.

"ओरडते?" वस्ताद पाण्याकडे बघतच म्हणाले. "बुडणारा ओरडत नाही, बाई."

"असं कसं? मी किती पुस्तकांत वाचलंय."

"त्या सगळ्यांनी एकमेकांचं बघून लिहिलं असेल. अहो, तोंड पाण्याच्या वर येतं ते पळभर. तेवढ्यात श्वास घ्यायची मारामार, ओरडणार कधी? ज्याला ओरडता येतं त्याच्याकडे अजून थोडा वेळ असतो. आणि हातही हलवता येत नाहीत. हात पाणी खाली दाबत असतात."

खात्रीबाईंना ते पटेना. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या बाईला आपली चूक गळी उतरायला वेळ लागतो. त्यांनी पिशवीतून सोळावं पान काढलं आणि वस्तादांच्या पुढ्यात धरलं.

"जरा बघा तरी. अगदी असं नसतं, पण साधारण असं असतं ना?"

"नंतर बघतो."

"एक नजर टाका हो. छपाई थांबलीय माझी."

थांबली काही नव्हती. पण त्या तसं म्हणाल्या, आणि भिडस्तपणे वस्तादांनी कागद हातात घेतला.

खात्रीबाईंचं तोंड पाण्याकडे होतं. दोरीपलीकडे, जिथे तळ उतरत जातो तिथे, निळ्या टोपीतली सात-आठ वर्षांची एक मुलगी पाण्यात उभी असल्यासारखी दिसत होती. मान मागे टाकलेली, हनुवटी वर, तोंड पाण्याला टेकलेलं. दोन्ही हात बाजूंना पसरून खालीवर होत होते, जणू ती न दिसणारी शिडी चढत होती. कसला तरी खेळ चाललाय, असं खात्रीबाईंना वाटलं. त्यांना किंचित हसूही आलं. मुलीचे डोळे त्यांच्याच दिशेला होते, पण ती बघत कशाकडेच नव्हती. तोंड खाली गेलं, वर आलं, पुन्हा खाली गेलं. शेजारी दोन मुली एकमेकींवर पाणी उडवत होत्या. मुलीची आई आठ-दहा हातांवर बसून मैत्रिणीशी बोलत होती.

"हे हात बघा," वस्ताद चित्रावर बोट ठेवून म्हणत होते, "असे वर कधीच..." त्यांनी मान वर केली. वाक्य तिथेच तुटलं. कागद जमिनीवर पडला, आणि पाण्यात धप्पकन आवाज झाला तेव्हा कुठे बाकांवरच्या बायका वळल्या.

वस्तादांनी मुलीला काठावर आणून आडवं केलं. ती निळसर पडली होती. मग ती खोकली, पाणी ओकली, पुन्हा खोकली, आणि तिने मोठ्याने भोकाड पसरलं. इतक्या वेळात तिच्या तोंडून निघालेला तो पहिला आवाज.

"रडू दे," वस्ताद आईला म्हणाले. "रडतेय म्हणजे श्वास आहे. पण दवाखान्यात न्या, आत्ताच्या आत्ता." आणि मग, खात्रीबाईंकडे न बघता: "मला उशीर झाला. मी नजर काढायला नको होती."

घरी येऊन खात्रीबाईंनी जेवणाचं ताट तसंच सरकवून दिलं. किती वेळ बघत होतो आपण? घड्याळ समोर ठेवून, डोळे मिटून त्यांनी तो सगळा वेळ पुन्हा मोजला. दहा सेकंद? पंधरा? दर वेळी आकडा निराळा यायचा. मुलगी संध्याकाळी घरी आली, तब्येत ठीक आहे, हे त्यांनी दवाखान्यात तीनदा फोन करून विचारून घेतलं.

चौथ्या दिवशी कळलं, वस्तादांना नोटीस मिळालीय: कामाच्या वेळी कागद वाचत उभे होते. खात्रीबाईंनी आधी दवाखाना गाठला. मुलीला तपासलेल्या डॉक्टरांना वस्तादांचं एकेक वाक्य खरं आहे का ते विचारलं. दुसऱ्या दोन तलावांवरच्या रक्षकांनाही, त्यांची पाळी संपल्यावर, विचारलं. सगळ्यांचं उत्तर एकच. मग त्या तलावाच्या व्यवस्थापकांसमोर जाऊन बसल्या.

"त्यांनी नंतर बघतो म्हणून सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "मी आग्रह केला. छपाई थांबलीय असं खोटंही बोलले. आणि मुलगी मला आधी दिसली होती. मला कळलं नाही."

"हे लिहून द्याल?"

"लिहूनच आणलंय."

व्यवस्थापकांनी कागद दोनदा वाचला. "मुलीच्या आईला हे वाचून दाखवावं लागेल. बसा इथेच."

आई आली. खात्रीबाई मान खाली घालून बसल्या. वाचून झाल्यावर आईने खात्रीबाईंकडे पाहिलं. मग म्हणाली, "मी तर पाठच केली होती तिच्याकडे." वस्तादांना ताकीद देऊन कामावर ठेवलं.

राहिलं पुस्तक. प्रकाशक ऐकायलाच तयार नव्हता. "बाई, मुखपृष्ठ छापून आलंय. आणि गोष्टच आहे ती. मुलांना थरार नको?"

"दहा वर्षांची मुलगी आपलं पुस्तक वाचून पाण्यात उडी मारेल. मग दोघी जातील. आणि बाकीचे ओरडण्याची वाट बघत उभे राहतील, माझ्यासारखे. या स्वरूपात मी ते छापू देणार नाही."

शेजारी बसलेली भाची तर तिथेच चिडली. "मावशी, सहा आठवडे मी त्या चित्रावर बसलेय! तू काय ते आधी विचारायचंस ना. दांड्याची लांबी विचारायला गेलीस, आणि हे नाही विचारलंस?"

"ज्याची शंका आली तेच विचारलं गं," खात्रीबाई म्हणाल्या. "याची शंकाच आली नाही."

भाची पाय आपटत निघून गेली. नऊ दिवस तिचा फोन नाही. खात्रीबाईंनी तोवर गोष्ट नव्याने लिहिली. आता मोठी बहीण पाण्यात उतरत नाही. धाकटी एकाएकी गप्प झाली हे तिच्या लक्षात येतं. ती मोठ्या माणसांना हाक मारते, काठावर पालथी पडते आणि नावेचं वल्हं पुढे करते. हे सगळं तलाव बंद असतो त्या दिवशी वस्तादांनी त्यांच्याकडून करवून घेतलं होतं. या वयात ओल्या फरशीवर पालथं पडायला लावलं आणि वर सुनावलं, "पोट टेकवा, बाई. नाहीतर समोरचा तुम्हालाच आत ओढेल."

दहाव्या दिवशी भाची थेट प्रकाशकाच्या कचेरीत आली. खात्रीबाई तिथे आधीच होत्या, करार मोडायची बोलणी चालली होती. भाचीने टेबलावर एक मोठं चित्र पसरलं. भरलेलं तळं, उन्हात खेळणारी बारा मुलं, काठावर गप्पा मारणारी माणसं.

"छान आहे," प्रकाशक म्हणाला. "पण यात काही घडतच नाहीये."

"एक मुलगी बुडतेय," भाची म्हणाली. "शोधा."

प्रकाशक हसला. मग चष्मा लावला. एकेका मुलावरून बोट फिरवू लागला. "ही?" नाही. "हा, हात वर केलेला?" तो चेंडू मागतोय. खात्रीबाई मधूनमधून भिंतीवरच्या घड्याळाचा काटा बघत होत्या. बोट एका मान मागे टाकलेल्या मुलीवरून दोनदा गेलं आणि थांबलं नाही. ओठांवर आलेलं "अहो, ती" खात्रीबाईंनी कसंबसं गिळलं.

तिसऱ्यांदा बोट थबकलं. प्रकाशकाच्या चेहऱ्यावरचं हसू कधीच मावळलं होतं.

"किती वेळ लागला मला?"

"पन्नास सेकंद," खात्रीबाई म्हणाल्या.

त्याने चष्मा काढून पुसला. घरी त्याला सहा वर्षांच्या जुळ्या मुली होत्या. "छापून आलेल्या मुखपृष्ठांचं काय करायचं ते मी बघतो," तो म्हणाला. "हे चित्र दोन पानांवर पसरून घेऊ."

पुस्तक चार महिने उशिरा निघालं. पहिली प्रत खात्रीबाईंनी निळ्या टोपीतल्या त्या मुलीच्या घरी स्वतः नेऊन दिली. मुलीने ती दारातच उघडली, चित्राचं पान काढलं, आणि कोणी काही सांगायच्या आत नेमक्या जागी बोट ठेवलं.