तीन गुंजा बेन्झॉल

हरिश्चंद्र दारुडा! मालवणात हे कुणी बोललं असतं तर लोक तोंडावर हसले असते. जत्रेतसुद्धा ज्यानं कधी माडीचा घोट घेतला नाही, त्याच्याबद्दल कारखान्याच्या डॉक्टरनं खुशाल कागदावर लिहिलं, "चक्कर, हातापायांना बधिरपणा. कारण दारू." त्याच कागदावर मालक त्याला घरी बसवणार होता. पेजेची भ्रांत पडणार ती पडणारच, वर नावही जाणार.

बासष्ट साली होड्यांना इंजिनं बसू लागली, तेव्हा हरिश्चंद्र दुरुस्तीच्या या कारखान्यात लागला. दिवसभर पेट्रोलसारख्या उग्र वासाच्या बेन्झॉलच्या डब्यात उघडे हात बुडवून वंगणानं माखलेले सुटे भाग धुवायचे, हे काम. त्याआधी तो होड्यांना मुशी माशाचं तेल चोळायचा. तेल लावलेल्या फळीत पाणी शिरत नाही, म्हणून इथंही रोज सकाळी तो हातांना तेच तेल चोळून बसे. बेन्झॉल तेलालाच विरघळवतं, हे त्याला कोण सांगणार? ज्यानं सांगायचं तो डॉक्टर म्हणे, "वास नाकातून जातो, तोंडाला फडकं बांध. कातडीतून काय जातंय?"

हरिश्चंद्राचं डोकं फिरलं. फळी किती तेल प्यायली, हे डब्यात उरलेल्या तेलावरून तो बिनचूक सांगायचा. मग हात किती प्यायले हे का सांगता येऊ नये? त्यानं गणपत सोनाराला काट्यासकट कारखान्यात आणलं, मालक आणि डॉक्टर दोघांसमोर. दोन बरण्यांत सारखंच बेन्झॉल तोलून घेतलं. एकीत मनगटापर्यंत आपला हात, दुसरीत, नुसतं उडून किती जातं ते कळायला, वाळू भरलेली बाटली. दोन्ही तोंडं मेणकापडानं आवळली. दोन तासांनी हात आणि बाटली आपापल्या बरणीत सारखीच निथळवली. गणपतनं पुन्हा तोललं. हाताच्या बरणीत तीन गुंजा जास्त घट होती.

"दोन तासांत एका हातान तीन गुंजा," गणपत म्हणाला. "आठ तासांत दोन हातांचे चोवीस. सहा वर्षां ह्येच पियता हा?"

मालक हसला. डॉक्टर हसला नाही. त्यानं 'दारू' खोडलं आणि लिहिलं, 'कारण समजत नाही'. काटा नाकासमोर आणि म्हणे समजत नाही! असल्या शिकलेपणाला काय जाळायचंय?

"वाचलंस ना? सही कर," डॉक्टर म्हणाला.

हरिश्चंद्रानं टाक धरला. तो बोटांतून निसटला. दोनदा निसटला.

"बरं, अंगठा दे."

शाई लावून त्यानं अंगठा टेकवला. कागदावर नुसता काळा डाग पडला, रेघ एकही नाही. डॉक्टरनं दुसरा अंगठा घेतला. तसाच डाग.

"रेषा कुठे गेल्या तुझ्या?"

इतका वेळ अदबीनं उभा असलेला हरिश्चंद्र कागदावर वाकला.

"कारण कळना नाय म्हणून लिवलात ना, डॉक्टरसाहेब? त्याच्या खालीच उमटलां आसा. आता वाचा."