तिसरी हाक

रविवारी सकाळी गोदाकाठच्या ट्रॅकवर सायकली फिरवायच्या आणि येताना मिसळ खायची, हा आमच्या घरातला नेम. नवऱ्याच्या मते हा व्यायाम. मिसळीवर पुन्हा पुन्हा तर्री मागून घेणाऱ्या माणसाने व्यायाम हा शब्दच तोंडातून काढू नये, असं माझं मत. पण नाशिकच्या थंडीत मुलीला मोबाईलपासून उठवणारी दुसरी युक्ती मला अजून सापडलेली नाही.

त्या रविवारी दाट धुकं होतं. नदी दिसतच नव्हती, नुसता ओला वास येत होता. एरवी ट्रॅकवर माकडटोप्या घालून चालणाऱ्यांची वर्दळ असते, त्या दिवशी चिटपाखरू नव्हतं. नवरा पुढे, मी मध्ये आणि नऊ वर्षांची मुलगी मागे, असे आम्ही निघालो. लहान पोराला मागे ठेवू नये, हे कळायला काही मोठं शहाणपण लागत नाही. पण तिला आपण मोठ्या झाल्याचं दाखवायचं होतं आणि मला सकाळी सकाळी वाद नको होता.

फरशांच्या सांध्यांवरून तिची सायकल खडखडत येत होती, तो आवाज मला मागून ऐकू येत होता. मग कधीतरी तो बंद झाल्याचं लक्षात आलं. वळून पाहिलं तर सगळं पांढरं. मी नवऱ्याला थांबवलं. आम्ही कान देऊन उभे राहिलो. ट्रॅकला सगळीकडे कठडा नाही, मध्येच पायऱ्या नदीकडे उतरतात, हे नेमकं तेव्हाच मला आठवायचं होतं.

मी तिला नावाने हाक मारली. ओ आली नाही. सायकल तिथेच टाकून मी मागे पळत सुटले, नवराही धावला. पुन्हा हाक मारली, या वेळी घसा फाटेल इतक्या जोरात.

"ओ," असं अगदी जवळून, शांतपणे आलं. पायऱ्यांच्या तोंडाशीच ती उभी होती. सायकलची चेन पडली होती आणि तिची बोटं काळी झाली होती.

आधी मी तिला पोटाशी धरलं, आणि लगेच संतापून विचारलं, पहिल्या हाकेला ओ द्यायला तोंडाला काय झालं होतं. तर म्हणे आजीने सांगितलंय. माझ्या सासूबाई सायखेड्याच्या, नदीकाठी वाढलेल्या. नदीवर हाक आली तर पहिल्या दोन सोडून द्यायच्या, ओ द्यायची ती तिसरीला. जे माणूस नसतं ते तिसऱ्यांदा बोलवत नाही. त्यांचं हे शास्त्र मी लग्न झाल्यापासून ऐकतेय आणि लग्न झाल्यापासून हसण्यावारी नेतेय. पोरीच्या डोक्यात असलं भरवतातच कशाला, असं मी नवऱ्याला सुनावत होते, तेवढ्यात ती म्हणाली, "पण तिसऱ्या हाकेला मी लगेच ओ दिली ना?"

मी दोनदाच हाक मारली होती. मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याचाही चेहरा उतरला होता.

"पहिली खालून आली," ती चेनकडे बघत म्हणाली. "पायऱ्यांवरून. तूच होतीस. 'खाली ये' म्हणालीस."

त्या पायऱ्यांकडे मान वळवून बघायची माझी हिंमत झाली नाही. नवऱ्याने चेन बसवली. आमच्या सायकली उचलल्या आणि तिला मध्ये घेऊन आम्ही चालतच परतलो. मिसळीचं नाव कुणी काढलं नाही.

इतक्या लवकर कसे आलात, असं सासूबाईंनी विचारलं. धुकं फार होतं, एवढंच मी सांगितलं आणि वाकून त्यांच्या पाया पडले. सण ना वार, सून पाया पडते म्हटल्यावर त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

आता मुलीला जेवायला बोलावतानाही मी तीनदा हाक मारते. ती पलीकडच्या खोलीतच असते. पहिल्या दोन हाकांना तिथून काहीच येत नाही, आणि तेवढा वेळ तव्यावरची पोळी उलटायला माझा हात उठत नाही.