कूलर बंद करून ऐकवलेलं गाणं

मला जे संगीत आवडतं त्यात चाल नसते, ताल नसतो. एकच जाड सूर पाऊण तास खोलीत भरून राहतो आणि अगदी सावकाश रंग बदलतो. ते कुणाला ऐकवायचं झालं की मी आधी घर शांत करायचो. त्या वेळात कुकरची शिट्टीसुद्धा मला खपत नसे.

मे महिन्यात असोद्याचे मामा जळगावला आमच्याकडे आले होते. दुपारची जेवणं झाल्यावर मी स्पीकर लावला आणि त्यांना नीट ऐकू यावं म्हणून कूलर बंद केला. जळगावात मेच्या दुपारी कूलर बंद करणारा माणूस मी पहिलाच असेन. मामा बनियनवर बसून पेपरने वारा घेत राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "गानं कव्हा सुरू व्हईन?"

हेच गाणं आहे, असं मी म्हटल्यावर ते उठले, कूलर लावला आणि त्याच्यासमोर सतरंजीवर आडवे झाले.

मला राग आला. रागातच मी आवाज कमी केला, पण सूर चालू ठेवला. कूलरच्या घरघरीत तो असा मिसळला की कोणता आवाज कशाचा, हे मलाही सांगता येईना. मामा घोरायला लागले.

शेवटी सूर संपला. कूलर तसाच चालू होता. मामा डोळे उघडून म्हणाले, "गानं बंद काहाले केलं?"